गळक्या बोटीचा हिशोब

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची पाण्याची गाडी लातूरच्या स्टेशनात पोहोचली. त्या दिवसांत या शहरात कुणी बोटीच्या दुरुस्तीवर लेख लिहिला असता, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून आदल्या महिन्यात प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. ३४२ किलोमीटरवरून रेल्वेने आलेल्या पाच लाख लिटर पाण्याची बातमी देशभर गाजली. लातूर म्हणजे तहान, अशी आमची ओळख झाली.

नऊ वर्षांनी, २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, याच भागाने पुराचं रूप पाहिलं. १८ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली, लष्कराला बोलवावं लागलं. महिनाभराने बीड, धाराशिव, लातूर, नांदेड सगळीकडे पिकं वाहून गेली, माती खरवडून गेली, जनावरं गेली, माणसं छतांवर अडकली. त्या दिवसांत आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न होता, ‘बोट आली का?’

बोट असणं आणि बोट चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मधे एक रबराचं सील असतं, अंगठीपेक्षा थोडं मोठं. ते बदलायला पैसे द्यायचे की नाहीत, द्यायचे तर कधी आणि कुणी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सरकारी बोटींकडे मी नंतर येतो. आधी आमच्या घरातल्या एका बोटीचा हिशोब सांगतो. हा विषय मला तिनेच समजावला.

चार मतं आणि एक बोट

माझा मावसभाऊ बरीच वर्षं आखातात होता. परत आल्यावर लातुरात मन रमेना. कोकण किनाऱ्यावर दोन भागीदारांसोबत त्याने एक जुनी फायबरची स्पीडबोट घेतली, सात लाखांना. पर्यटकांना फेरी मारून आणायची, एका वेळी आठ माणसं. यातला त्याचा हिस्सा खालाने, म्हणजे त्याच्या आईने, आपला प्लॉट विकून दिला होता. पहिला हंगाम बरा गेला. पावसाळ्यानंतर बोट पुन्हा पाण्यात टाकायच्या आधी त्याने मागच्या ड्राइव्हचं तेल काढून पाहिलं आणि मला फोन केला, “भाई, तेल दुधासारखं पांढरं झालंय.”

तिथल्या मिस्त्रीने ड्राइव्ह न उघडताच एक लाख ऐंशी हजारांचा आकडा सांगितला. सात लाखांच्या बोटीला पावणेदोन लाखांहून जास्त दुरुस्ती! त्या रात्री आमच्या घरी सगळे जमले, कारण आता पैसा घालायचा तर तो घरातूनच जाणार होता.

मामूंचा टेम्पोचा धंदा. त्यांचं म्हणणं, “तेल ओतत राहा, मेपर्यंत हंगाम काढ, पावसाळ्यात बघू. गळत नाही अशी गाडी दाखव मला.” दुल्हाभाई म्हणाले, “विकून टाक. पुण्याकडचा गिऱ्हाईक सहा लाख द्यायला तयार आहे ना? तो काही तेल काढून बघणार नाही.” माझ्या धाकट्या भावाचं मत, हा ड्राइव्हच काढून फेकायचा आणि मागे साधं आउटबोर्ड इंजिन लावायचं. मावसभावाला स्वतःला दुरुस्ती करायची होती, पण मिस्त्रीच्या आकड्यावर त्याचाही विश्वास नव्हता. खाला काहीच बोलल्या नाहीत.

ही चार मतं आमच्याच घरातली नाहीत. ट्रॅक्टर असो, बोअरची मोटार असो, शाळेचं छत असो की नगरपालिकेची पाइपलाइन असो, गळतीवर आपल्याकडे हीच चार उत्तरं मिळतात. वरून भरत राहा, दुसऱ्याच्या गळ्यात घाला, सगळं नवं आणा, नाहीतर नीट करा. यातलं कोणतं बरोबर, हे ठरवायच्या आधी गळतंय काय ते पाहायला हवं.

गळतंय नेमकं कुठे?

आउटबोर्ड इंजिन बहुतेकांनी पाहिलेलं असतं. बोटीच्या मागच्या फळीवर अख्खं इंजिन टांगलेलं असतं. स्टर्नड्राइव्हमध्ये तसं नसतं. इंजिन मोटारीसारखंच, पण बोटीच्या आत मागच्या बाजूला बसवलेलं. मागच्या फळीला आरपार भोक असतं. त्यातून शाफ्ट बाहेर येतो आणि बाहेरच्या पायासारख्या भागाला जोडला जातो. तिथे शक्ती एकदा काटकोनात खाली वळते आणि पंख्यापाशी पुन्हा काटकोनात मागे वळते. व्होल्वो पेंटाने ही रचना १९५९ साली बाजारात आणली, पाठोपाठ मर्क्रूझर आलं. वळायला सोपी, वेगाला चांगली आणि आतल्या इंजिनामुळे मागे बसायला जागा, म्हणून ती जगभर चालली.

लातूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्येही गिअर तेलात बुडालेले असतात आणि शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे ऑइल सील असतं. फरक एवढाच, की ट्रॅक्टरचं सील गेलं तर तेल जमिनीवर दिसतं. बोटीचा हा भाग कायम पाण्यात असतो. सील गेलं की तेल बाहेर जातं आणि त्याच वाटेने पाणी आत येतं. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं. अशा तेलात गिअर आणि बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. समुद्राचं पाणी असेल तर गंज आणखी लवकर चढतो.

बोलीभाषेत ‘ड्राइव्ह गळतोय’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्या एका वाक्यात किमान तीन वेगळे आजार असतात. तिघांचं बिल वेगळं आणि धोकाही वेगळा.

पहिला आजार गिअरच्या तेलाचा. पंख्याच्या शाफ्टवरची सीलं, गिअर बदलणाऱ्या शाफ्टचं सील, वरचा शाफ्ट जिथून आत येतो तिथलं सील, किंवा तेल काढायच्या स्क्रूखालचा वॉशर. यातलं काहीही गेलं की तेल पांढरं होतं. वॉशरची किंमत एका चहाएवढी. पंख्याच्या सीलांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा. तो पंख्यामागे गुंडाळला जातो आणि करवतीसारखा सील कापतो. अशी गळती बोट बुडवत नाही, ड्राइव्ह संपवते. पण खोल पाण्यात, ऐन भरती-ओहोटीत आठ माणसांना घेऊन पंखा थांबला, तर नुसता ड्राइव्ह संपला असं कोण म्हणेल?

दुसरा आजार बेलोजचा. मागच्या फळीतून शाफ्ट बाहेर येतो त्या जागी रबराची हार्मोनियमच्या भात्यासारखी घडीची नळी असते. ड्राइव्ह डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलतो तशी तीही हलते. तिच्या आत सांधे आणि बेअरिंग कोरडे राहतात. ऊन आणि खारं पाणी यांनी हे रबर कडक होतं आणि घडीत चिरतं. मग पाणी आधी बेअरिंग खातं, घरघर सुरू होते, आणि चीर मोठी झाली की पाणी थेट बोटीच्या आत शिरतं. गिअर बदलायच्या केबलवरच्या छोट्या बेलोजचंही तसंच. ही गळती बोट बुडवू शकते, तीही बोट धक्क्याला बांधून माणसं घरी झोपलेली असताना.

तिसरा आजार ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिकचा. तेल गळतं, ड्राइव्ह वर उचलला जात नाही, उथळ पाण्यात पंखा आपटतो. त्रासदायक आहे, पण पहिल्या दोघांच्या मानाने सौम्य.

म्हणून ड्राइव्ह न उघडता सांगितलेल्या एक लाख ऐंशी हजार या आकड्याला काहीच अर्थ नसतो. मिस्त्री लबाड असेलच असं नाही. आत काय निघेल हे त्यालाही माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यात वाईट गोष्ट धरून आकडा सांगतो. आणि आपण त्या आकड्यावरून निर्णय घेऊ लागतो. चूक इथेच होते. आधी फक्त उघडून तपासायचे पैसे ठरवावेत. तेल काढल्यावर स्क्रूच्या चुंबकाला काय चिकटलंय ते पाहावं. बारीक काजळीसारखी भुकटी असेल तर ती झीज, लोखंडाचे तुकडे असतील तर गिअर गेला. मग रिकाम्या ड्राइव्हमध्ये थोड्या दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावावं. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधण्यापेक्षा हे फार वेगळं नाही. ज्या मिस्त्रीला ही तपासणी करायची नाही, त्याला दुरुस्तीही देऊ नये.

मामू आणि दुल्हाभाई

मामूंच्या मताला मी सहज उडवून लावणार नाही. गरिबाचा धंदा ‘आज चालतंय ना’ यावरच चालतो. एक महिना बोट उभी राहिली तर हप्ता कोण भरणार, भागीदारांना काय सांगणार? हा प्रश्न खरा आहे. पण टेम्पोचं गणित बोटीला लागू पडत नाही. टेम्पो बंद पडला तर माणसं रस्त्याच्या कडेला उतरतात. समुद्रात कडा नसते. शिवाय दुधाळ तेलात वरून नवं तेल ओतल्याने पाणी जात नाही. आज सील आणि बेलोजवर भागणारं काम मेपर्यंत बेअरिंग आणि गिअरवर जातं. थोडक्यात, मामूंचा सल्ला पैसे वाचवत नाही, बिल पुढे ढकलतो आणि मोठं करतो.

बोटीत शिरलेल्या पाण्याबाबतही असाच एक भ्रम असतो. तळाशी पाणी साचलं की आपोआप चालू होणारा छोटा पंप असतो. तो पाणी फेकत राहतो, मालकाला वाटतं बोट कोरडी आहे. एक दिवस बॅटरी उतरते, आणि गळती कधीपासून होती हे तेव्हा कळतं. आपल्या अनेक संस्थांमध्ये असा एक पंप असतो. एखादा प्रामाणिक कारकून, एखादी राबणारी सिस्टर. सगळं पाणी तेच उपसतात म्हणून भोक कुणाला दिसत नाही.

दुल्हाभाईंचं मत मात्र मला अजिबात पटलं नाही. त्यांचा युक्तिवाद कायद्याच्या अंगाने तसा निराधार नाही. १९३०चा माल विक्री कायदा साधारणपणे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत असं धरतो. १८७२च्या करार कायद्यात नुसतं गप्प बसणं ही दरवेळी फसवणूक ठरत नाही. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक ठरते. आता पांढरं तेल काढून सोनेरी तेल भरायचं आणि गिऱ्हाईकाला फेरी मारून दाखवायची, याला गप्प बसणं म्हणायचं की लपवणं?

लातूरच्या आडत बाजारात वाढलेल्या माणसाला तरी हे सांगावं लागू नये. सोयाबीनच्या पोत्यात हात खोलवर घालून ओलावा बघतात, तो वरवरच्या दाण्यांवर भरवसा नसतो म्हणूनच. हमीभावाच्या खरेदीत बारा टक्के ओलाव्यावरून शेतकऱ्याचा माल परत जातो, तेव्हा आपण किती बोलतो! पैगंबरांच्या बाजारातली एक हकिकत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकली आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओला लागला. पाऊस लागला होता, असं विक्रेत्याने सांगितलं. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, हा त्यांचा प्रश्न होता. पाऊस पडला यात विक्रेत्याचा दोष नव्हता. दोष ओलं खाली दडवण्यात होता. सील फाटलं यात माझ्या भावाचाही दोष नाही. फिकहमध्ये तर लपवलेल्या ऐबामुळे घेणाऱ्याला माल परत करायचा अधिकारच मिळतो. आणि धान्याच्या ऐबात घेणाऱ्याचे पैसे बुडतात, बोटीच्या ऐबात ज्याने व्यवहारच केला नाही तो बुडतो. पुण्याकडचा गिऱ्हाईक, त्याच्या बोटीत बसणारी कुणाची तरी लहान मुलं, त्यांना आमच्या बैठकीत कोण विचारणार होतं?

बोट विकायला हरकत नाही. कागदावर ‘ड्राइव्हमध्ये पाणी जाते, दुरुस्ती आवश्यक’ असं लिहून, जो भाव येईल त्या भावाने विकावी. तोही एक सन्मानाचा मार्ग आहे. सहा लाख आणि त्या भावातला फरक म्हणजे तोटा, असं दुल्हाभाई म्हणतात. माझ्या मते ते पैसे आपले कधी नव्हतेच.

धाकट्या भावाचा मार्ग ऐकायला आधुनिक वाटतो. पण आतलं इंजिन, बाहेरचा ड्राइव्ह काढायचा, मागच्या फळीचं भोक बुजवायचं, फळी आउटबोर्डचं वजन पेलेल अशी मजबूत करायची आणि नवं इंजिन घ्यायचं, हा खर्च दुरुस्तीच्या कितीतरी पुढे जातो. दुखऱ्या दातासाठी जबडा बदलण्यासारखं ते आहे.

मग पैसे द्यायचे की नाहीत?

माझं मत मी त्या रात्री मांडलं ते असं. द्यायचे, पण दोन टप्प्यांत, आणि थांबायची रेघ आधीच आखून. पहिला टप्पा फक्त तपासणीचा. गिअर शाबूत असतील, ज्या खोबणीत सील बसतं ती जागा गंजाने खड्डे पडलेली नसेल आणि मागच्या फळीच्या आतलं लाकूड कुजलेलं नसेल, तर दुरुस्ती करायची. मग अर्धी नाही, सगळ्या रबराची एकदाच करायची. कारण पंख्याचं सील वगळता बहुतेक कामांसाठी ड्राइव्ह उतरवावाच लागतो. मजुरी खरी त्याचीच. एकदा उतरवल्यावर जुने बेलोज तसेच ठेवून सील तेवढं बदलणं म्हणजे पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा द्यायचं कबूल करणं. गिअर गेले असतील किंवा फळी कुजली असेल, तर मात्र एक रुपयाही घालायचा नाही. दोष लिहून देऊन बोट विकायची. कुजलेल्या फळीवर नवा ड्राइव्ह लावणं ही दुरुस्ती नाही, पैशाची नासाडी आहे.

आधीच किती पैसे घातलेत, याचा विचार या निर्णयात आणू नये. खालांचा प्लॉट गेला तो गेला. तो वाचवण्यासाठी आणखी पैसे ओतणं आणि तो गेला म्हणून घाबरून हात आखडणं, दोन्ही चूक. हिशोब पुढचाच मांडायचा.

एक अट मी आणखी घातली. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी पर्यटकांशिवाय, गर्दीपासून दूर. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईच्या बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी सुरू असताना घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून अधिक माणसं गेली. नौदलाकडे कुशल माणसांची कमतरता नसते, तरीही हे घडलं. इंजिन नुकतंच दुरुस्त झालंय म्हणजे ते भरवशाचं झालंय, असं समजू नये. त्याला आधी रिकाम्या पाण्यात सिद्ध होऊ द्यावं.

ड्राइव्ह उघडला. पंख्यामागे नायलॉनच्या दोऱ्याची गुंडाळी निघाली, दोन्ही सीलं कापलेली. मोठ्या बेलोजच्या घडीत बोटभर चीर, आतलं बेअरिंग घरघरतं. गिअर मात्र चांगले होते, फळीही टणक होती. बिल बहात्तर हजारांचं झालं. घरातून ते बिनव्याजी दिलं, कर्ज-ए-हसना म्हणून, आणि भागीदारांच्या हिश्श्याचं लिहून घेतलं. खाला तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, “आता त्या बोटीत मी बसेन.” आमच्या निर्णयाची याहून चांगली तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या सर्वेक्षकालाही जमली नसती. जिच्या दुरुस्तीवर पैसे वाचवले, त्या बोटीत आपली आई बसवू का? प्रश्न इतका साधा आहे.

सरकारी बोटीत कोण बसणार?

आता मराठवाड्याकडे येऊ. पुरात येणाऱ्या बोटी बहुतेक हवा भरायच्या रबरी असतात आणि त्यांच्या मागे आउटबोर्ड इंजिन असतं. पण पाण्याखालचा पाय दोघांचा सारखाच. तेच गिअर, तेच तेल, तीच सीलं. उलट पुराच्या पाण्यात धोका जास्त. कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, खताची पोती, वाहून आलेल्या साड्या, उसाची पाचट. यातलं काहीही पंख्यात अडकतं आणि सील कापतं. आणि ही बोट वर्षातले चार-पाच दिवस चालते, उरलेले तीनशे साठ दिवस गोदामात पडून असते. पडून राहिलेलं रबर कडक होतं. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये चिकटा होतो. मागच्या पुरात गिअरमध्ये शिरलेलं पाणी वर्षभर बेअरिंगला गंजवत बसतं. वापर कमी म्हणून देखभाल कमी, हा हिशोब बोटीच्या बाबतीत उलटा आहे.

एनडीआरएफची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे, राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्यात आणि नागपुरात. तिथून निघालेली माणसं कितीही तत्पर असली तरी लातूर-नांदेडच्या खेड्यात पोहोचायला त्यांना काही तास लागतातच, त्यातही रस्ते पाण्याखाली. किल्लारीच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, पहिले हात शेजाऱ्यांचेच होते. पुरातही पहिले काही तास स्थानिक बोटीचेच असतात. म्हणून तहसीलच्या, अग्निशमन दलाच्या गोदामातली बोट फक्त कागदावर असून भागत नाही, ती पहिल्या दोरीला सुरू व्हायला हवी.

खरेदी आणि देखभाल यांचं नशीब आपल्याकडे वेगळं असतं. नवी बोट आली की हार, नारळ, पुढाऱ्यासोबत फोटो. वर्षाला एकदा गिअरचं तेल बदललं, सीलं तपासली, तर त्याचा फोटो कोण काढणार? समाजकार्यातही आपण वेगळे नाही. पुरानंतर मशिदींतून, जमातींतून चंदा गोळा होतो, लोक मनापासून देतात. रुग्णवाहिका येते, तिच्यावर दात्याचं नाव येतं. दोन वर्षांनी ती टायर नसल्याने उभी असते. नवीन वस्तूला दाता मिळतो, टायरला मिळत नाही. वास्तविक वक्फच्या जुन्या शास्त्रात हा क्रम अगदी स्पष्ट आहे. उत्पन्नातला पहिला खर्च त्या वास्तूच्या देखभालीचा, लाभार्थ्यांचा वाटा त्यानंतर. कारण वास्तूच पडली तर उद्याच्या लाभार्थ्याला काय मिळणार? हे शहाणपण एखाद्या धर्मापुरतं नाही. गावच्या विहिरीचा गाळ दरवर्षी काढणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनाही ते माहीत होतं.

तेव्हा मागणी अशी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने प्रत्येक बोटीची एक वही ठेवावी. शेवटचं गिअर तेल कधी बदललं, ते पांढरं निघालं का, बोट शेवटची पाण्यात कधी चालवली, चालवणारा कोण. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, जवळच्या तलावात का होईना, प्रत्येक इंजिन तासभर चालवावं. आणि खरेदीच्या प्रत्येक प्रस्तावात पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आधीच धरावेत. ज्याला ते जमत नसेल त्याने बोट घेऊ नये.

आपल्यालाही एक काम आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आपल्या तालुक्यात बोटी किती, चालू किती, गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीवर खर्च किती आणि प्रत्येक बोटीचं गिअर तेल शेवटचं कोणत्या तारखेला बदललं, एवढे चार प्रश्न लिहायचे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर तारखेत आलं तर त्या कार्यालयाला मनापासून धन्यवाद द्या. तारीख नसेल, तर ती मिळेपर्यंत विचारत राहा. हे काम उन्हाळ्यातच करायचं. जूनमध्ये पाणी चढल्यावर सील मागवायला वेळ नसतो.